नांगराची निशाणी : तंजावरच्या भोसल्यांचा कुळशोध

चेन्नईपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात तंजावर हे नगर वसले आहे. तेथील बृहदीश्वराचे भव्य मंदिर राजराज चोळाने इसवी सन १०१० च्या सुमारास पूर्णत्वास नेले. या तमिळ मंदिराच्या विस्तीर्ण आवारात, नैऋत्येकडील भिंतीवर, एक मराठी लेख कोरलेला आहे. एका ओळीखाली दुसरी ओळ, एका शिळेपुढे दुसरी शिळा, असा तो लेख इतका लांबत जातो की जगातील अत्यंत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. १८०३ साली दुसऱ्या सरफोजी राजांच्या आज्ञेने बाबूराव चिटणीस यांनी तो रचला आणि पाथरवटांनी तो दगडात उतरविला. त्याचा विषय भोसले वंशाचे चरित्र हा होय. वंशाची थोरवी, पूर्वजांची परंपरा, मालोजी आणि शहाजी यांचे पराक्रम, शिवछत्रपतींची कीर्ती आणि एकोजीपासून सरफोजीपर्यंतचा तंजावरचा राजक्रम, हे सारे तेथे क्रमाने आले आहे.

ज्या कुळाचा इतिहास देवळाच्या भिंतीवर कोरला गेला, त्याचा मूळ पुरुष शोधण्यास आणखी खटपट कशाला हवी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु प्रश्न इतका सोपा नाही. तंजावरच्या भिंतीवर सिंहासनाचे तेज आहे. भोसल्यांच्या घराण्याचे जुने, पडताळून पाहता येणारे धागे मात्र सिंहासनापाशी नव्हे, नांगरापाशी जाऊन पोहोचतात. राजवंश होण्यापूर्वी हे पाटलांचे कुळ होते. गावची पांढरी आणि काळी सांभाळणारे, जमीन कसणारे व कसवून घेणारे कुळ होते. त्याच्या एका शाखेने पुढे कावेरीच्या काठी जाऊन राज्य केले. हा प्रवास कोणत्या कागदांवरून शोधता येतो, त्यातील कोणता कागद विश्वासार्ह आणि कोणता केवळ शोभेचा, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम त्या शिलालेखाचाच विचार केला पाहिजे. तो १८०३ मध्येच का कोरला गेला? उत्तर सरफोजी राजांच्या आयुष्यक्रमात सापडते. तुळजाराजे दुसरे यांना औरस वारस उरला नव्हता. त्यांनी १७८७ साली भोसले कुळाच्या दूरच्या शाखेतील एका बालकाला दत्तक घेतले. तेच हे सरफोजी. तुळजाराजे लगोलग निवर्तले आणि त्यांचे बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. कंपनी सरकारने पंडितांचा अभिप्राय मागविला. पंडितांनी दत्तक अशास्त्र ठरविले आणि अमरसिंह गादीवर बसले. बालक सरफोजीचा सांभाळ श्वार्ट्झ या मिशनऱ्याने केला. १७९३ मध्ये त्यास सुरक्षिततेसाठी आणि शिक्षणासाठी मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, नेण्यात आले. पुढे पुन्हा शास्त्रार्थ झाला, निर्णय फिरला आणि १७९८ साली सरफोजींना गादी मिळाली. परंतु दुसऱ्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे राहिला तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख होनांची नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

ज्याचे दत्तकविधान एकदा नाकारले गेले आणि ज्याचे राज्य हातातून निसटले, त्या राजाने चार वर्षांच्या आत आपला वंश दगडात कोरविला. हा योगायोग मानता येत नाही. तरवारीने जे सांगता येईनासे झाले, ते भिंतीने सांगावे, हा त्यामागील भाव स्पष्ट दिसतो. म्हणून तो लेख असत्य ठरत नाही. मात्र तो साक्षीदाराचा जबाब नसून वादीचे निवेदन आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचला पाहिजे.

वंशावळ ही वस्तूच मुळी अशी आहे की गरजेच्या वेळी ती लांबते. १६७४ मध्ये शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, त्या प्रसंगी भोसले हे मेवाडच्या सिसोदिया घराण्यातील होत, ही परंपरा प्रतिष्ठित झाली. अभिषेक शास्त्रोक्त व्हावयाचा तर क्षत्रियत्व सिद्ध व्हावयास हवे होते, ही त्या काळाची निकड होती. मुधोळच्या घोरपडे घराण्यात बहामनी व आदिलशाही फर्मानांचा जो संग्रह होता, त्याच्या आधारेही हे नाते जोडले गेले; परंतु त्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत तीव्र मतभेद झाले. चिंतामण विनायक वैद्य, जदुनाथ सरकार, वासुदेव सीताराम बेंद्रे अशा अभ्यासकांनी या काळाची छाननी आपापल्या परीने केली आणि त्यांचे निष्कर्ष एक नाहीत. तंजावरचा लेख, निरनिराळ्या बखरी व इतर वंशावळी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या असता एक गोष्ट मात्र ठळकपणे दिसते. बाबाजी भोसले या पुरुषापासून खाली आले की नावे जुळू लागतात. बाबाजीच्या वर गेले की नावे जुळत नाहीत, पिढ्यांची संख्या जुळत नाही, क्रमही जुळत नाही.

असे का व्हावे? बाबाजीच्या ठिकाणी असे काय घडले की तेथून वाट स्पष्ट झाली? याचे उत्तर त्याच्या व्यवसायात आहे. बाबाजी भोसले हे भीमा नदीच्या परिसरातील हिंगणी बेर्डी आणि देऊळगाव या गावांचे पाटील होते. दौलताबादेजवळच्या वेरूळ गावाशीही या घराण्याचा पाटीलकीचा संबंध होता. पाटीलकी हे वतन होते. आणि जेथे वतन आले, तेथे कागद आला.

वतनाच्या कागदाचे स्वरूप थोडे समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या महाराष्ट्रात पाटील हा गावचा मुख्य. गावची वसूली, पडीक जमिनीची लागवड, नव्या कुळांची वसाहत, गावच्या तंट्यांचा निवाडा, सणावारी पहिला मान, हे सारे त्याच्याकडे असे. हे हक्क वंशपरंपरेने चालत; त्यांची विक्री होई, वाटणी होई आणि त्यांपायी भाऊबंदांत पिढ्यान् पिढ्या कज्जे चालत. कज्जा उभा राहिला की गोत बसे. वादी आणि प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. हा करीना म्हणजे घराण्याची कैफियतच होय. मूळ पुरुष कोण, त्याने वतन कसे संपादिले, त्याला मुलगे किती, वडील शाखा कोणती, धाकटी कोणती, कोण परागंदा झाला, कोण निपुत्रिक वारला, दुष्काळात गाव ओस पडला असता कोणी परत येऊन चूल पेटविली, हे सर्व त्यात येई. मग गावचे व शेजारगावचे लोक साक्षी देत आणि अखेर महजर होई.

त्या महजरावर उपस्थितांच्या निशाण्या उमटत. सुतार आपल्या हत्याराची आकृती काढी, न्हावी आरशाची. पाटील काढी नांगर. शाईने ओढलेल्या चार रेषांचा तो नांगर म्हणजे पाटलाची सही आणि शिक्का. अक्षरओळख असो वा नसो, ‘निशाणी नांगर’ या दोन शब्दांत त्याचा अधिकार, त्याचा धंदा आणि त्याची शपथ ही तिन्ही सामावलेली असत.

या कागदाची विश्वासार्हता भाटाच्या वंशावळीहून अधिक का, याचे कारण साधे आहे. भाट गातो तेव्हा ऐकणारा संतुष्ट होण्यासाठीच बसलेला असतो. करीना वाचला जातो तेव्हा समोर प्रतिपक्ष बसलेला असतो. एक पिढी चुकली, एक नाव खोटे घातले, तर ते तेथल्या तेथे खोडून काढण्यात त्याचा स्वार्थ असतो. शिवाय साक्षीला येणारे लोक त्याच शिवारातले. कोणाचे शेत कोठे, बांध कोणता, विहीर कोणी खणली, हे त्यांना डोळ्यांनी दिसलेले. बनावट कागद वतनांतही झाले आणि खोट्या साक्षीही पडल्या. तथापि विरोधकाच्या नजरेखालून गेलेला कागद आणि स्तुतिपाठकाच्या मुखातून आलेला वृत्तांत यांची योग्यता सारखी मानता येणार नाही.

भोसल्यांच्या बाबतीत बखरींतील दंतकथाही, नकळत का होईना, याच दिशेला बोट दाखवितात. मालोजी आणि विठोजी हे बाबाजींचे दोघे पुत्र. त्यांच्या उत्कर्षाची जी कथा बखरींत येते, ती राजवाड्यात घडत नाही. ती वेरुळच्या शेतात घडते. देवीने दृष्टान्त दिला, वारुळापाशी द्रव्य सापडले आणि ते श्रीगोंद्याच्या शेषाप्पा नाईक पुंडे या सावकाराकडे ठेवून दोघा भावांनी शिलेदारी उभी केली, अशी ती कथा. द्रव्य खरोखर सापडले की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु ज्यांनी ही कथा सांगितली, त्यांना या घराण्याचे मूळ शेतात होते हे ठाऊक होते आणि ते सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नव्हता. मालोजी पुढे निजामशाहीत सरदार झाले. त्यांनी वेरूळच्या घृष्णेश्वराचे मंदिर दुरुस्त केले, शिखर शिंगणापुरास यात्रेकरूंच्या पाण्याची अडचण दूर करण्यासाठी तलाव बांधविला. उंच, कोरड्या डोंगरावर पाणी अडविण्याची ही बुद्धी शेतकऱ्याची होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आणखी एक पुरावा कागदात नाही, तो नावांत आहे. मालोजींनी आपल्या दोघा मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली. अहमदनगरचे पीर शाह शरीफ यांच्या कृपेने पुत्रलाभ झाला, या श्रद्धेतून ही नावे आली. परमानंदकृत ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही ही हकीकत आहे. हे काव्य तंजावरच्या ग्रंथसंग्रहातून हाती आले आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते १९२७ साली प्रसिद्ध केले, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे तंजावरच्या घराण्यात शहाजी आणि सरफोजी ही नावे पुनःपुन्हा आली. शरीफचे सरफोजी झाले, सरफोजीचे शरभोजी झाले आणि संस्कृत कवींच्या लेखणीत तेच नाव ‘शरभेंद्र’ बनले. अहमदनगरच्या पिराचे नाव कावेरीकाठच्या संस्कृत काव्यात असा वेष पालटून राहिले आहे. तुळजा या नावात तुळजापूरची भवानी आहे. भाषा बदलली, देश बदलला, तरी कुळाने मूळ गावाची खूण नावांत बांधून नेली.

हे कुळ दक्षिणेस कसे गेले, ते सर्वश्रुत आहे. शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत कर्नाटकात गेले आणि बंगळूर हे त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीत त्यांचा अंत झाला. त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी नायकांच्या भांडणात विजापूरच्या वतीने हस्तक्षेप केला आणि १६७५-७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले. १६७७ मध्ये शिवछत्रपती दक्षिण दिग्विजयास गेले तेव्हा कोळ्ळिडम नदीच्या परिसरात दोघा भावांची भेट झाली. त्या भेटीचा विषय काय होता? वडिलार्जित दौलतीची वाटणी. दोन राजे भेटले होते. पण प्रश्न तोच, जो हिंगणीच्या वा वेरूळच्या कोणत्याही पाटलाच्या ओसरीवर उभा राहतो: बापाने मिळविलेल्यात थोरल्याचा भाग किती आणि धाकट्याचा किती. वतनाचे संस्कार सिंहासनावर बसल्याने पुसले जात नाहीत. पुढच्या शतकात उत्तर हिंदुस्थान गाजविणाऱ्या महादजी शिंद्यांना ‘पाटील’ या पदवीचाच अभिमान होता, तो याच संस्कारामुळे.

व्यंकोजींबरोबर आणि त्यांच्या मागून अनेक मराठी कुटुंबे तमिळ देशात गेली. त्यांत शिलेदार होते, कारकून होते, शास्त्री, वैद्य, हरिदास होते. ज्यांना इनामे मिळाली ते भातशेतीच्या देशात स्थायिक झाले. जोंधळा आणि बाजरीच्या प्रदेशातून आलेल्या माणसांना येथे कालव्याच्या पाण्यावर वर्षातून दोनदा पिकणारे भात पाहावयास मिळाले. पूर्वी दगडी बंधारे घालून कावेरीचे पाणी वळविण्याची विद्या तमिळ शेतकऱ्याने परंपरेने जतन केली होती. मराठी राजवटीने ती व्यवस्था चालू ठेवली. या सहवासाची एक साक्ष भाषेत उरली आहे. महाराष्ट्रात ज्याची जमीन वंशपरंपरेची, त्यास मिरासदार म्हणत; बाहेरून येऊन कसणाऱ्यास उपरी म्हणत. तंजावर जिल्ह्यातील तमिळ जमीनमालकासही ‘मिरासदार’ हाच शब्द रूढ झाला. मूळ शब्द अरबी, तो मराठी कागदांत पक्का रुजला आणि तमिळ शेतकऱ्याच्या बोलण्यातही सहज मिसळला.

आता या साऱ्या शोधात चेन्नईचे स्थान कोणते, असा प्रश्न उद्भवेल. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे रुमाल आहेत, हे पुष्कळांस माहीत असते. परंतु तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला, तेव्हापासून त्या प्रदेशातील जमिनीची, इनामांची आणि वारसांची बहुतेक मोठी प्रकरणे मद्रासेस येऊ लागली. त्यामुळे चेन्नईच्या एग्मोर भागातील तमिळनाडू अभिलेखागार, म्हणजेच जुने मद्रास रेकॉर्ड ऑफिस, हे मराठी कुळांच्या इतिहासाचेही एक मोठे भांडार बनले आहे. त्याची लाल विटांची इमारत १९०९ सालची. आतील कागद मात्र १६७० च्या सुमारापासूनचे आहेत. १६७७ मध्ये शिवछत्रपतींनी फोर्ट सेंट जॉर्जच्या इंग्रजांकडून औषधी द्रव्ये आणि विषावरील उतारे मागविले, त्याची नोंद त्या काळच्या फोर्ट सेंट जॉर्जच्या दप्तरात आहे. विजेत्याच्या सैन्यातील एका साध्या गरजेची ही नोंद कोणा भाटाने कधी गायिली नसती.

तथापि कुळशोधकाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहेत ती इनाम-पत्रके. मद्रास इलाख्यात १८५८ नंतर इनाम कमिशन काम करू लागले. प्रत्येक इनामदाराकडून त्याच्या हक्काचा पुरावा मागण्यात आला आणि त्याची नोंद ठराविक रकान्यांत झाली. जमीन कोणत्या गावची, किती, कोणत्या राजाने दिली, मूळ कोणास दिली, आज कोणाच्या ताब्यात आहे, त्याचे मूळ इनामदाराशी नाते काय, आधार म्हणून सनद आहे की केवळ वहिवाट. कारकुनाने सरकारी कर ठरविण्यासाठी भरलेली ही पत्रके आज तीन-चार पिढ्यांची नावे जमिनीच्या तुकड्याशी बांधून देतात. जो प्रकार हिंगणीच्या महजरात, तोच येथे. जमिनीचा प्रश्न आला म्हणजे नातेसंबंध नेमका सांगावा लागतो.

त्याच शहरातील शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालय १८६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या मुळाशी कर्नल कॉलिन मॅकेंझी यांचा संग्रह आहे. मॅकेंझी हे हिंदुस्थानचे पहिले सर्व्हेअर जनरल. १८२१ मध्ये ते वारले. दक्षिणेत मोजणी करीत फिरत असता त्यांनी कावली वेंकट बोरय्या आणि त्यांचे बंधू लक्ष्मय्या यांच्यासारख्या एतद्देशीय साहाय्यकांकरवी गावोगावच्या कैफियती, वंशकथा आणि ताम्रपटांच्या नकला गोळा केल्या. त्यांत मराठी हस्तलिखितेही आहेत. राजांची चरित्रे तर तेथे आहेतच. परंतु गावच्या वृद्धांनी आपल्या गावाविषयी जे सांगितले, तेही उतरवून घेतलेले आहे.

भोसल्यांची वंशावळ चेन्नईत आणखी एका जागी तपासली गेली, ती म्हणजे न्यायालयात. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले. कंपनीने राज्यपद संपुष्टात आणले आणि राजवाड्यातील खासगी मालमत्तेवरही जप्ती बसविली. राणी कामाक्षीबाई साहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. जप्ती हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयास त्यात हात घालता येत नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. अखेरीस १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली. परंतु तेवढ्याने प्रकरण मिटले नाही. या मिळकतीच्या वारसाविषयी पुढे मद्रासच्या हायकोर्टात दावे होत राहिले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, कोल्हापूरचे महाराज ज्यात पक्षकार होते अशा एका मोठ्या दाव्यात, तंजावरचे भोसले क्षत्रिय की शूद्र, हा प्रश्न न्यायाधीशांसमोर आला. कारण वर्ण ठरल्याशिवाय तेव्हाच्या हिंदू कायद्याप्रमाणे वारस ठरत नव्हता. इतिहासग्रंथ आणि वंशपरंपरा यांचा मोठा ऊहापोह झाला आणि न्यायालयाने त्या कुळास क्षत्रियांचा नव्हे, तर शूद्रांचा वारसानियम लागू केला.

हा निकाल पुष्कळांच्या मनास लागला असेल. १६७४ मध्ये रायगडावर गागाभट्टांनी दिलेला निर्णय आणि अडीचशे वर्षांनंतर मद्रासच्या हायकोर्टाने दिलेला निर्णय यांत असे अंतर पडले. परंतु शांत चित्ताने पाहिले असता, दोन्ही प्रसंगी प्रश्नच वतनाच्या कागदाबाहेरचा होता. एकदा अभिषेकासाठी वर्ण हवा होता, दुसऱ्यांदा मिळकतीसाठी. बाबाजी पाटलाच्या काळातील कागदाला वर्णाशी कर्तव्य नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते की, हा मनुष्य या गावचा पाटील; याची निशाणी नांगर. त्या कागदात सूर्यवंश नाही आणि शूद्रत्वही नाही. त्यात एक गाव आहे, त्याची शीव आहे आणि त्या शिवेच्या आत एका कुळाने घेतलेली जबाबदारी आहे.

बृहदीश्वराच्या त्याच मंदिरात या विचाराला पुष्टी देणारी एक गोष्ट आहे. राजराज चोळाने स्वतः जे लेख कोरविले, त्यांत त्याच्या विजयांची प्रशस्ती आहे, नाही असे नाही. परंतु आज अभ्यासक ज्यासाठी त्या लेखांकडे पुनःपुन्हा वळतात, तो भाग निराळा आहे. कोणत्या गावाची किती जमीन, त्यातून किती माप भात देवस्थानास यावयाचे, कोणती जमीन कालव्यांखाली वा वस्तीखाली असल्याने करमुक्त, हे बारीकसारीक तपशील तेथे आहेत. प्रशस्तीचे शब्द एकसारखेच असतात; भाताची मापे मात्र खरी माणसे आणि खरी गावे दाखवितात. एकाच मंदिरात सातआठशे वर्षांच्या अंतराने कोरलेले लेख जणू एकच धडा देतात.

जे राजकुळाचे, तेच सामान्य कुळाचे. चेन्नई, तंजावर, कुंभकोणम येथे आजही मराठी बोलणारी घरे आहेत. त्यांच्या मराठीत तमिळचे वळण आले आहे, परंतु कुलदैवत तुळजापूरचे, जेजुरीचे वा पंढरपूरचे सांगितले जाते. मूळ गाव कोणते, असे विचारले असता पुष्कळदा उत्तर येते ते एवढेच की पूर्वज एकोजीराजांबरोबर आले. या एका वाक्यापासून मागे जाण्याची वाट आहे. ती राजापासून सुरू करू नये. घरातील वृद्धांच्या स्मरणापासून करावी. तीन पिढ्यांची नावे मिळाली की इनाम-पत्रकात जमीन शोधावी. जमीन मिळाली की ती कोणत्या राजाने दिली ते कळते आणि मग त्या राजाच्या काळचे मोडी रुमाल उघडता येतात. तंजावरच्या वाड्यातील नेमणुका आणि देवस्थानांचे व छत्रांचे हिशेब यांत साध्या चाकरांचीही नावे असतात. तेथून आडनाव, कुलदैवत आणि गोत यांच्या आधाराने महाराष्ट्रातील गाव संभवनीय ठरले, तर पुण्याच्या पेशवे दप्तरातील वतनी कागद, भारत इतिहास संशोधक मंडळाचे संग्रह आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांकडे वळावे. त्या वह्यांत यात्रेस आलेल्या यजमानाने आपले गाव आणि वाडवडिलांची नावे स्वतः सांगून लिहविलेली असतात. प्रत्येक पायरीवर एकच कसोटी लावावी: हे ज्याने लिहिले त्याला ते खोटे लिहून काय लाभ होता, आणि ते खोटे ठरविण्यास कोणी समोर होते काय?

या वाटेवर मोठा अडथळा लिपीचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत ती घरांतूनही गेली. ट्रंकेच्या तळाशी पणजोबांचा कागद असतो, परंतु पणतूला तो वाचता येत नाही. तमिळ देशात तर अडचण दुहेरी आहे. मोडी जाणणारा मराठी वाचक तेथे विरळा आणि मराठी न जाणणाऱ्यास मोडी निरुपयोगी. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले, हे त्या विद्यापीठाचे मराठी वाचकांवरही उपकारच आहेत. पण निवडलेल्या कागदांच्या मागे न निवडलेल्यांची रास फार मोठी असते. भिंतीवरील शिलालेख ऊन-पावसास पुरून उरेल. कागदाचे तसे नाही. वाळवी आणि दमट हवा यांना वंशाचा थोरपणा कळत नाही आणि ज्या वेळी वाचणारा संपतो, त्या वेळी कागद असूनही नसल्यासारखा होतो.

भोसले कुळाची थोरवी शिवछत्रपतींच्या कर्तृत्वाने सिद्ध झाली आहे. तिला सूर्यवंशाच्या आधाराची आवश्यकता नाही आणि पाटीलकीने तिला उणेपणाही येत नाही. उलट, दोन गावांच्या पाटलाच्या घरातून तिसऱ्या पिढीत स्वराज्य उभे करणारा पुरुष निर्माण व्हावा, आणि त्याच घराची दुसरी शाखा कावेरीच्या काठी जाऊन विद्या, संगीत व ग्रंथसंग्रह यांचा आश्रय व्हावी, यातच विशेष गौरव आहे. सरफोजी राजांनी आपल्या पूर्वजांची नावे दगडावर कोरविली, ती काळजीपोटी. बाबाजींच्या काळच्या पाटलाने कागदावर नांगर काढला, तो आपल्या शेताच्या खात्रीपोटी. इतिहासाच्या शोधकाला दोन्हींची आवश्यकता आहे. परंतु पाऊल टाकण्यापूर्वी जमीन चाचपावयाची असेल, तर त्याने प्रथम नांगराची निशाणी पाहावी.